ट्रेनरचा अंगठा

त्या ऑक्टोबरात पर्सी हॅलम यांना एकच गोष्ट वाचवायची होती. डावा पाय.

उजव्या पायाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "तो उभं राहायला," असं ते म्हणायचे. डावा कामाचा. डाव्या पायाने त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर इंग्लंडमध्ये गोल केले. डाव्या पायाच्या बळावर ते अमेरिकेत आले. १९८४ साली त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं, आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये ते एकटे राहत होते.

मी नागपूरहून एम.ए. करून, लग्न करून, आदल्या वर्षी आले होते. श्रीरंग सकाळी ऑफिसला गेला की मला बोलायला कुणी नसे. मला नोकरीची परवानगी नव्हती आणि गाडी चालवता येत नव्हती. एका दुपारी तळघरातल्या लॉन्ड्री रूममध्ये एक उंच, टाय लावलेला म्हातारा मोज्यांचे गोळे करून मशीनवर ओळीने मांडत होता. मी कपडे घेऊन आत शिरले आणि दार लावायला गेले.

"दार लावू नको, लव्ह," तो म्हणाला. "ते बाहेरूनच उघडतं."

संध्याकाळी मी श्रीरंगला सांगितलं की खालचा म्हातारा मला लव्ह म्हणाला. श्रीरंग शर्टाची बटणं लावत खाली गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात आमची नसलेली चहाची किटली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यांच्या गावात बसचा कंडक्टरसुद्धा बायकांना लव्ह म्हणतो. पुरुषांनाही. मलाही म्हणाले."

"आणि किटली?"

"तुला चहा करता येत नाही असं मी म्हणालो. त्यांनी किटली दिली. यार, हा माणूस इंग्लंडात फुटबॉल खेळायचा. प्रोफेशनल. मला ऑफसाइड समजावून सांगितलं."

"समजलं?"

"नाही."

तेव्हापासून आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणू लागलो. तोंडावर मिस्टर हॅलम.

त्यांचं आयुष्य मला लॉन्ड्री रूममध्ये तुकड्यातुकड्याने कळलं. मशीन फिरत असायचं आणि ते मोज्यांचे पाच गोळे ओळीने मांडायचे. हे पाच फॉरवर्ड. डावीकडून दुसरा मी. मग मागे तीन, त्यांच्या मागे दोन. तेवढे मोजे त्यांच्याकडे नसत. मागचे खेळाडू म्हणून ते माझ्या कपड्यांतलं काहीबाही घेत. एकदा गोलकीपरच्या जागी माझ्या परकराच्या नाडीचं बंडल होतं.

गाव इंग्लंडच्या उत्तरेचं. वडील कोळशाच्या खाणीत, दोन भाऊ खाणीत. शाळा संपल्यावर हेही खाणीत. शनिवारी दुपारी खाणीच्या टीमकडून खेळायचं. सतराव्या वर्षी शहरातल्या क्लबचा माणूस घरी आला. आईने त्याला चहा दिला. तो म्हणाला, पोराला पाय दाखवायला सांगा. स्वयंपाकघरात, आईसमोर, पर्सींनी पँट गुडघ्याच्या वर ओढली. त्याने घोट्यापासून वर चाचपून पाहिलं.

"बाजारात घोडा बघतात तसं," मिस्टर हॅलम म्हणाले. "फक्त दात बघायचे राहिले."

"वाईट नाही वाटलं?"

"मला? मी खाणीतून वर येणार होतो, लव्ह. त्याला माझे दातही काढून दिले असते."

दोन मोसम खेळले आणि युद्धावर गेले. खंदकात महिनोन्‌महिने पाण्यात उभं राहावं लागे. पाय सडू नयेत म्हणून सैनिकांना चोळायला देवमाशाचं तेल मिळे. ते दोन्ही पायांना पुरत नसे. मिस्टर हॅलम सगळं तेल डाव्या पायाला लावत. उजव्या पायाची दोन बोटं फ्रान्समध्ये कापावी लागली. डावा पाय त्यांनी नेला तसा परत आणला.

हे सांगताना ते हसत होते.

परत आल्यावरची तीन वर्षं चांगली गेली. त्यांच्या पायाचा फटका असा होता की गोलकीपर हलायचे नाहीत. पावसात चामड्याचा चेंडू दगडासारखा जड व्हायचा. इतरांना तो ढकलावा लागे. यांचा उडायचा. त्याचं गुपित म्हणजे बूट. बूट पायापेक्षा एक नंबर लहान घ्यायचे. नवे बूट बादलीत बुडवायचे. निथळत असतानाच पायात घालायचे आणि वाळेपर्यंत काढायचे नाहीत. रात्री झोपायचंही त्यातच. मग ते पायाच्या कातडीसारखे बसतात. फॉरवर्डला चेंडू बुटातून कळून चालत नाही, थेट पायाला कळायला हवा, असं ते म्हणायचे.

"फोड येत नव्हते?"

"यायचे. म्हणून तर ट्रेनर असतो."

ट्रेनरचं नाव मिस्टर ओक्स. त्याचा उजव्या हाताचा अंगठा तंबाखूने पिवळा झालेला होता. तेव्हा बदली खेळाडू नसे. अकरा गेले की अकराच. कुणी लंगडा झाला तर टीम दहांची. म्हणून शुक्रवारी मिस्टर ओक्स सगळ्यांना बाकावर बसवायचा आणि जिथे लागलं असेल तिथे अंगठा खुपसायचा. पाहायचा पायाकडे नाही, तोंडाकडे. तोंड वाकडं झालं की माणूस बाद. तोंड हललं नाही की उद्या खेळायचं. दुसरी काही तपासणी नव्हती.

दुसरा कुणी तुमच्या जागी एकदा खेळला आणि त्याने गोल केला की जागा गेली. त्यामुळे सगळेच तोंड आवळून बसायचे.

मिस्टर हॅलम एकदाच चुकले. १९२२ सालच्या हिवाळ्यात त्यांना देशाच्या टीमच्या निवडीच्या सामन्याला बोलावलं होतं. उत्तरेचे खेळाडू विरुद्ध दक्षिणेचे. निघायच्या आदल्या दिवशी मिस्टर ओक्सने घोट्यावर अंगठा दाबला. त्यांचा एक डोळा मिटला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. डावा डोळा."

"पण दुखत होतं ना? खेळणार कसे होतात?"

"दुखत तर सगळ्यांचंच होतं, लव्ह."

त्यांच्या जागी दुसरा गेला. त्याने गोल केला. मिस्टर हॅलमना परत कधी बोलावणं आलं नाही.

त्या हिवाळ्यात त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव एडना. रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आरशासमोर बसायचे आणि एडना जिथे लागलं असेल तिथे अंगठा दाबायची. ते आरशात स्वतःचं तोंड बघायचे. आधी तिला रडू यायचं. मग सवय झाली. मग ती भाजी ढवळता ढवळता एका हाताने दाबायची. त्यानंतर त्यांचा चेहरा कुणाहीसमोर हलला नाही. एकदा बरगडी मोडलेली असताना ते पूर्ण सामना खेळले. एडना गेली तेव्हाही ते त्याच चेहऱ्याने बसले होते. तिची बहीण चर्चच्या दारात सगळ्यांसमोर त्यांना दगड म्हणाली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. तिला काय सांगणार? तुझ्याच बहिणीने शिकवलंय?"

क्लबने त्यांना सोडलं तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. त्याच सुमाराला न्यू जर्सीतल्या सुताच्या गिरणीचा माणूस इंग्लंडात खेळाडू शोधत होता. गिरणीत काम आणि शनिवारी गिरणीकडून फुटबॉल. ते बोटीने आले. इथे स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेले कामगार सामने बघायला यायचे. बाकी कुणाला हा खेळ माहीत नव्हता. पाच-सहा वर्षांनी मंदी आली. गिरणीने आधी टीम बंद केली. मिस्टर हॅलम सूत रंगवण्याच्या खात्यात राहिले. पुढे गिरणीही बंद झाली. मग ते इथल्या शाळेत झाडलोट आणि दुरुस्तीची कामं करायला लागले. शाळेला मैदान होतं. अमेरिकन फुटबॉलचं. निवृत्त होईपर्यंत ते दर शुक्रवारी त्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारत.

"तुम्ही कोण होतात ते शाळेत कुणाला माहीत होतं?"

"एका मास्तरला सांगितलं होतं. तो म्हणाला, अरे वा, मग तुला रेघा सरळ मारता येत असतील."

माणूस साठ वर्षं अमेरिकेत राहिला आणि त्याच्याबद्दल विचारणारा कुणी भेटला नाही. मग १९८४ साली भेटले ते आमचे लोक. आमच्या ओळखीची प्रतिमा नगरपालिकेच्या, मुलांच्या शनिवारच्या सॉकरचं बघायची. तिच्या टीममध्ये निम्मी मुलं आपली होती. ऑगस्टमध्ये तिने मिस्टर हॅलमना मैदानावर नेलं. मुलांना ते म्हणाले, आठवडाभर चेंडूला हात लावायचा नाही, पायही लावायचा नाही. फक्त पळा. म्हणजे शनिवारी चेंडूची भूक लागेल. मुलं प्रतिमाला म्हणाली, "ही इज क्रेझी." पण पळायची.

सीझनचा शेवटचा सामना ऑक्टोबरच्या अखेरीला होता. त्यात पहिली किक मिस्टर हॅलमनी मारायची असं ठरलं. मुलांच्या आई-वडिलांनी मिळून त्यांना नवे फुटबॉलचे बूट द्यायचं ठरवलं. प्रतिमाने नंबर विचारला. त्यांनी नंबर सांगितला.

बूट दिले त्या दिवशी मुलं त्यांच्याभोवती गोल करून उभी राहिली. त्यांनी खोक्यातून बूट काढले. डावा नाकाशी नेला. वास घेतला.

"ऑक्टोबरपर्यंत फिट राहा हं," प्रतिमा म्हणाली.

"मी राहीन," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते गमतीने बोलत नव्हते.

त्यांना मधुमेह होता. गोळ्या घेत होते. हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे आले की चहात साखर नको म्हणायचे आणि बाकरवडी तीनदा घ्यायचे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लॉन्ड्री रूममध्ये मला त्यांचा मोजा दिसला. मशीनवर बाकीच्यांपासून बाजूला ठेवला होता. एका कडेला पिवळट तपकिरी डाग होता. तो भाग वाळून ताठ झाला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"चहा."

"पायावर?"

"म्हातारे लोक कुठेही चहा सांडतात."

ते जिना चढून गेले. मी त्यांच्या चालण्याकडे बघत राहिले. जराही लंगडत नव्हते. पण त्यांच्यामागून एक वास येत होता. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "मला पाय दाखवा." ते म्हणाले, "पाय मी मिस्टर ओक्सला दाखवतो." मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन करते." ते म्हणाले, "कर. पण शेवटच्या सामन्यानंतरची वेळ घे." त्यांनी दार शांतपणे लावलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चंद्रशेखरकाका आणि मालिनीकाकू आमच्याकडे जेवायला यायचे होते. काका नागपूरचे. साठच्या दशकात इथे आलेले, सर्जन. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. मी त्यांना रात्रीच फोनवर सगळं सांगितलं. ते आले तसे बूटही न काढता म्हणाले, "चल, आधी खाली जाऊ."

"अहो, पुऱ्या गार होतील," काकू म्हणाल्या.

"होऊ देत."

मिस्टर हॅलमनी दार उघडलं. टाय लावलेला होता. काकांचा सूट बघून त्यांना ते आवडले. मिस्टर हॅलम खुर्चीत बसले. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"मी मोजा काढू?"

"तू ट्रेनर का?"

"नाही. सर्जन."

"मग हळू काढ."

मोजा सहज निघाला नाही. करंगळी काळी होती. शेजारचं बोट काळं होतं. पावलाच्या कडेला जखम उघडी होती आणि तिच्या आत काहीतरी पांढरं दिसत होतं. ते हाड होतं हे मला नंतर कळलं. मी जाऊन खिडकी उघडली.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"बूट मिळाले तेव्हा फोड आला. नव्या बुटांनी येतोच."

बूट खिडकीखाली वर्तमानपत्रावर ठेवले होते. उजवा दुकानातून आल्यासारखा होता. डावा पाण्यात भिजून, पायावर वाळून, त्यांच्या पावलाच्या आकाराचा झाला होता. शेजारी बादली होती.

"आणि तुम्ही कुणाला दाखवला नाही?"

"गरज नव्हती. मी रोज सकाळी स्वतः तपासतो." त्यांनी अंगठा दाखवला. "आरशासमोर. रोज पास होतो."

काकांनी पावलाच्या कडेला, जखमेच्या अगदी जवळ, आपला अंगठा ठेवला. दाबला. मिस्टर हॅलम समोर भिंतीकडे बघत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. पापणीही नाही.

"आणखी जोरात," ते म्हणाले.

काकांनी आणखी जोरात दाबलं. जखमेतून पाणी आलं. मिस्टर हॅलमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"बघितलंस, लव्ह? काहीही नाही. एडना होती तेव्हासुद्धा मला इतकं साफ जमत नव्हतं."

काकांनी अंगठा उचलला. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले. आवाज खाली आला होता. "ह्यांना काही कळतच नाहीये गं. नर्व्हज गेल्यात, शुगरमुळे. दुखणारच नाही. सुई टोचली तरी नाही. रोज सकाळी अंगठा दाबून हा माणूस स्वतःला फिट म्हणतोय, आणि पाय खाली सडतोय."

"काय म्हणतो तो?" मिस्टर हॅलमनी विचारलं.

मी म्हटलं, "ते म्हणतात, तुम्हाला दुखायला हवं होतं."

"दुखायला हवं होतं?"

"हो."

ते काकांकडे बघत राहिले. मग हसले. "असला ट्रेनर मला आयुष्यात भेटला नाही," म्हणाले.

काकांनी त्यांना समजावून सांगितलं. नीट, न घाबरवता. रक्तातली साखर वाढत गेली की काही माणसांच्या पायाची जाणीव जाते. फोड येतो आणि कळत नाही. जखम होते आणि कळत नाही. आता विष हाडात गेलं आहे. आजच हॉस्पिटलमध्ये जायचं. आज गेलो तर गुडघ्याखाली कापून भागेल. गुडघा राहिला तर खोट्या पायावर चालता येईल.

"सामना शनिवारी आहे," मिस्टर हॅलम म्हणाले.

"शनिवारपर्यंत थांबता येणार नाही."

"किक मारतो. मग घेऊन जा. पूर्ण पाय घे. तक्रार करणार नाही."

"मिस्टर हॅलम, शनिवारपर्यंत कदाचित तुम्हीच राहणार नाही."

"डॉक्टर, मी फ्रान्समध्ये चिखलात असताना याला तेल लावत होतो. तुझ्या बापाचा तेव्हा जन्म झाला होता का?"

काकांनी जखम बांधून पायावर मोजा चढवला. नवा, कोरा मोजा. मी त्यांच्या कपाटातून आणून दिला होता.

वर आल्यावर पुऱ्या गार झाल्या होत्या. कुणी जेवलं नाही. श्रीरंग म्हणाला, "आपण जबरदस्ती करू शकत नाही का? ॲम्ब्युलन्स बोलवू."

"शुद्धीत आहे माणूस," काका म्हणाले. "नाही म्हणतोय. इथे कायदा त्याच्या बाजूने आहे."

"मग आपण काय करायचं?"

"शुद्ध जायची वाट बघायची," काका म्हणाले. मालिनीकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अगं, मला तरी काय आनंद आहे का."

तो आठवडा मी दिवसातून चार-चार वेळा खाली जात होते. काका कामावरून परतताना रोज येऊन औषध टोचत होते. मी विनवण्या केल्या. एकदा रागावले. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर किक कुठून मारणार? ते म्हणाले, "लव्ह, मी पाय नसताना मैदानावर कशाला जाऊ?" प्रतिमा आली. सामना पुढे ढकलू म्हणाली. ते म्हणाले, एका खेळाडूसाठी सामना कुणी ढकलत नाही. सामना ढकलणं त्यांना खरोखर मान्य नव्हतं. ते चिडले होते.

मला अजून आशा होती. मी म्हणत होते, बुधवारी ऐकतील, गुरुवारी ऐकतील.

गुरुवारी सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. श्रीरंगने इमारत सांभाळणाऱ्या सुपरकडून किल्ली आणली. ते आरशासमोरच्या खुर्चीत बसले होते. डावा मोजा काढलेला होता. अंग भाजत होतं. मला बघून म्हणाले, "एडना, दाब." मग काहीतरी पुटपुटले. ॲम्ब्युलन्स आली.

गुडघा राहिला नाही. काकांनी मांडीतून कापला. ऑपरेशन झाल्यावर ते वेटिंग रूममध्ये आले आणि माझ्या शेजारी बसले. ऑपरेशनची टोपी काढली. "रविवारी आला असता तर गुडघा वाचवला असता मी," म्हणाले. मग थोड्या वेळाने परत तेच म्हणाले.

शनिवारचा सामना झाला. पहिली किक पंचाने मारली. प्रतिमाने फोनवर सांगितलं की मुलं हरली. मी ते मिस्टर हॅलमना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

ते रविवारी पूर्ण शुद्धीवर आले. खिडकीतून बाहेर लाल-पिवळी झाडं दिसत होती. पांघरूण डावीकडे मांडीखाली सपाट होतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं. तोच चेहरा. मला वाटलं, त्यांनी हेही पचवलं.

मग दुपारी त्यांनी माझा हात पकडला. कपाळावर घाम होता.

"दुखतंय," ते म्हणाले.

"कुठे? टाक्यांपाशी?"

"नाही. पायाला. डाव्या. करंगळीपाशी."

मी पांघरुणाकडे बघितलं.

"काही महिन्यांत पहिल्यांदा," ते म्हणाले. "भयंकर दुखतंय, लव्ह."

मी बाहेर जाऊन काकांना गाठलं. ते म्हणाले, असं होतं. पाय जातो, पण पाठीच्या कण्याला ते कळत नाही. जी नस आधी मेली होती ती आता बोंबलते. इंजेक्शन देतो. नेहमी उपयोग होतोच असं नाही.

"पण तेव्हा दुखत नव्हतं," मी म्हटलं. "पाय होता तेव्हा. आणि आता…"

"हो," काका म्हणाले. "मला माहीत आहे."

इंजेक्शनचा उपयोग झाला नाही. मी परत आले तेव्हा मिस्टर हॅलम छताकडे बघत होते. जबडा घट्ट होता.

"दाबून बघ," ते म्हणाले.

"मिस्टर हॅलम, तिथे…"

"दाब. मला बघू दे जमतंय का."

मी पलंगाच्या पायथ्याशी गेले. पांघरुणावर, जिथे त्यांचं पाऊल आलं असतं तिथे, अंगठा ठेवला. त्यांनी मान हलवली. थोडं डावीकडे, असं. मी अंगठा सरकवला. दाबला. खाली फक्त गादी होती.

त्यांचा चेहरा गोळा झाला. दोन्ही डोळे मिटले. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. त्यांचा असा चेहरा एडनाच्या बहिणीने पाहिला नव्हता. मिस्टर ओक्सनेही नाही.

"मिस्टर ओक्सला सांग," ते म्हणाले. "मला खेळवू नकोस म्हणावं."

"सांगते."

मी अंगठा उचलला. त्यांचा चेहरा तसाच राहिला. बुधवारी ते गेले, तोपर्यंत तो तसाच होता.